बत्तीस बोअरचं डबल-ॲक्शन रिव्हॉल्वर: निवड, परवाना आणि सांभाळ, योग्य क्रमाने

‘परवाना हातात आला, आता कोणतं रिव्हॉल्वर घेऊ?’ असा फोन मला वरचेवर येतो. विचारणारा माणूस तोवर दुकानात जाऊन आलेला असतो, एखाद्या चकचकीत नमुन्यावर मन बसलेलं असतं आणि बरेचदा थोडे पैसेही देऊन झालेले असतात. चाप स्वतःच्या बोटाने ओढून पाहिलाय का, घरात ते ठेवणार कुठे, परवान्यावर खरेदीची मुदत काय लिहिलीय, या तिन्ही प्रश्नांना उत्तर नसतं. एवढी महाग आणि एवढी जबाबदारीची वस्तू आपल्याकडे उलट्या क्रमाने घेतली जाते. पुढचे टप्पे खाली दिलेल्याच क्रमाने पार पाडा. एखादा गाळलात तर मागे येऊन तो पूर्ण करावाच लागतो, आणि तेव्हा तो महागात पडतो.

हा लेख भारतात कायदेशीर परवान्यावर, स्वसंरक्षणासाठी आणि सरावासाठी रिव्हॉल्वर घेणाऱ्यांसाठी आहे. बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास; बत्तीस म्हणजे साधारण .३२ इंच. आपल्याकडे ९ मिमी आणि .३८ हे निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला परवाना न मिळणारे, समजले जातात, त्यामुळे सामान्य परवानाधारकाचं रिव्हॉल्वर म्हणजे व्यवहारात बत्तीस बोअर.

सुरुवातीला: डबल-ॲक्शन म्हणजे काय

चाप एकदाच ओढला की आधी घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, मागे जातो, त्याच वेळी सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो गोल भाग, फिरून पुढचं काडतूस नळीसमोर येतं आणि शेवटी घोडा पडतो. घोडा चढवणं आणि सोडणं, अशी दोन कामं एकाच ओढीत होतात, म्हणून डबल-ॲक्शन. ही ओढ लांब आणि जड असते. त्याच रिव्हॉल्वरचा घोडा अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवला तर ती झाली सिंगल-ॲक्शन. मग चाप अगदी हलका होतो आणि जरा बोट लागलं तरी सुटतो.

डबल-ॲक्शन बहुगुणी ठरतं ते यामुळेच. नेमबाजीच्या रेंजवर घोडा चढवून शांतपणे नेम साधता येतो आणि अडीअडचणीत नुसता चाप ओढून काम होतं. पण ती जड ओढ तुमच्या बोटाला झेपली तरच याचा उपयोग. निवडीतला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. तो चौथ्या टप्प्यात येतो.

टप्पा १: गरज कागदावर लिहा

अर्जात ‘जिवाला धोका’ एवढं लिहून भागत नाही, आणि स्वतःशीही भागू नये. रात्री रोकड घेऊन पेट्रोल पंपावरून घरी जाता? वस्तीपासून दूर मळ्यात राहता? नेमबाजी शिकायची आहे? प्रत्येक कारणाला पुरावा जोडता आला पाहिजे: आधीच्या तक्रारींच्या प्रती, व्यवसायाचे कागद, नेमबाजी संघटनेचं सदस्यत्व. गरज स्पष्ट असेल तर पोलीस चौकशीत तुमचा जबाब आणि अर्ज जुळतो. तो जुळला नाही की अर्ज अडकतो.

रिव्हॉल्वर रोज अंगावर वागवायचं की घरातच राहणार, हेही इथेच ठरवा. वजनाचा प्रश्न यावरून सुटतो.

टप्पा २: ठेवण्याची जागा, अर्जाच्याही आधी

शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र अर्जासोबत द्यावं लागतं. बहुतेक जण ते टाइप करून सही ठोकतात आणि शस्त्र घरी येतं तेव्हा ते कपड्यांच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली जातं.

भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली छोटी लोखंडी तिजोरी घ्या. काडतुसांसाठी वेगळा, कुलूप असलेला डबा हवा, आणि तो शक्यतो वेगळ्या जागी. किल्ली किंवा कोड परवानाधारकाकडेच. तिजोरी आतल्या खोलीत असावी, पण न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला लागून नको. कारण दहाव्या टप्प्यात कळेल.

*तपासा:* घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या नजरेने खोली बघा. स्टूल ओढून, गादीवर चढून ते कुठवर पोचतं? ‘त्याला माहीतच नाही’ हे सुरक्षित ठेवणं नव्हे. मुलांना सगळं माहीत असतं.

टप्पा ३: परवान्याचा अर्ज

वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. परवाना प्राधिकारी जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी, आणि मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्त. पत्ता कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो हे आधी नक्की करा. ग्रामीण आणि शहर हद्दीच्या सीमेवरच्या नव्या वसाहतींत इथेच घोळ होतो आणि फाइल दोन कार्यालयांत फिरत राहते.

अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोबत ओळख आणि रहिवासाचे पुरावे, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वर सांगितलेलं हमीपत्र. नंतर पोलीस ठाण्यात चारित्र्य पडताळणी होते, शेजाऱ्यांकडे चौकशी होते, घरी भेटही होऊ शकते. प्रशिक्षणाला फक्त प्रमाणपत्रासाठी जाऊ नका. रिव्हॉल्वर रिकामं करायची सवय तिथेच लागते.

जुने गुन्हे, चालू खटले, आधी नाकारलेला अर्ज, यातलं काही लपवू नका. गुन्ह्यापेक्षा लपवणंच अर्ज बुडवतं. नकार मिळाला तर त्याची कारणं लेखी मागा. अपिलाला ३० दिवसांची मुदत असते, ती तोंडी चर्चेत घालवू नका.

परवाना हातात आला की घरी नेण्याआधी तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा: नाव, पत्ता, युनिक क्रमांक, शस्त्राचा प्रकार आणि बोअर, परवाना कोणत्या क्षेत्रात लागू आहे, शस्त्र कधीपर्यंत घ्यायचं, एका वेळी आणि वर्षात किती काडतुसं, मुदत कधी संपते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे आणि एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात. टायपिंगची चूक त्याच दिवशी दुरुस्त होते. सहा महिन्यांनी ती चूक तुमची ठरते.

*थांबा:* परवाना हातात येण्याआधी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

टप्पा ४: आधी बोट, मग रिव्हॉल्वर

इथे घाई नको. लोक वजन विचारतात, किंमत विचारतात, मुठीवरचं लाकूड न्याहाळतात. चाप मात्र कोणी ओढून बघत नाही.

दुकानदाराची परवानगी घ्या. रिव्हॉल्वर उघडून सिलिंडरची सहाही घरं, म्हणजे काडतुसांच्या जागा, रिकामी आहेत हे आधी त्याने बघावं, मग तुम्ही, आणि मग करंगळीचं टोक घालून पुन्हा तुम्हीच. नळी सुरक्षित दिशेला, म्हणजे माणूस नसलेल्या पक्क्या भिंतीकडे किंवा खाली. डमी (दारू नसलेली) काडतुसं मिळाली तर ती भरा, म्हणजे घोडा रिकाम्या घरावर आपटत नाही.

पहिली चाचणी मुठीची. नळी आणि पुढचा हात एका सरळ रेषेत येतील असं धरा. या स्थितीत पहिल्या बोटाचं पहिलं पेर चापावर नीट बसलं पाहिजे. बोटाचं टोकच कसंबसं पोचत असेल तर मूठ तुमच्या हातासाठी जाड आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर मूठ बारीक आहे आणि चाप ओढताना नळी बाजूला ढकलली जाईल. लहान हाताच्या माणसांना, बऱ्याच स्त्रियांना, दुकानदार ‘सवयीने जमेल’ सांगतो. हात सवयीने लांब होत नाहीत. मूठ बदलून घ्या किंवा दुसरा नमुना बघा.

दुसरी चाचणी वीस ओढींची. घोडा न चढवता, एकसारख्या गतीने चाप वीस वेळा ओढा. दहाव्या-बाराव्या ओढीला बोट थरथरायला लागलं, किंवा जोर यावा म्हणून खांदा उचलला जाऊ लागला, तर ते रिव्हॉल्वर आज तरी तुमचं नाही. दोन महिने रबराचा चेंडू दाबून पुन्हा या.

तिसरी नाण्याची. नळीच्या वर, पुढच्या साइटच्या (नेम धरायच्या उंचवट्याच्या) मागे सपाट जागा असेल तर तिथे रुपयाचं नाणं आडवं ठेवायला सांगा आणि चाप ओढा. घोडा पडल्यावरही नाणं जागेवर राहिलं पाहिजे. पहिल्या दिवशी ते दहातून आठदा पडतं, त्याने खचू नका. कोणत्या नमुन्यावर ते कमी वेळा पडतं एवढंच पाहायचं. ती तुलना कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

चौथी गोष्ट कानाने आणि बोटाने एकदमच कळते. चांगल्या चापाची ओढ जड असली तरी सलग असते. मध्येच खरखर, मध्येच अडकून एकदम सुटणं, असं असेल तर तो नग बाजूला ठेवा. एकाच नमुन्याचे, एकाच वर्षाचे दोन नग वेगळे निघतात. दुकानात तीन असतील तर तिन्ही काढायला सांगा.

*तपासा:* परवाना तुमच्या नावावर आहे, त्यामुळे चाचणीही तुमच्याच हाताने. ‘भाऊंनी बघितलंय, चांगलं आहे’ हे इथे चालत नाही.

टप्पा ५: नमुना

आपल्याकडे निवड फार मोठी नाही, आणि ते बरंच आहे.

कानपूरच्या आयुध निर्माणीचं बत्तीस बोअर सगळ्यात जास्त दिसतं. सहा काडतुसं, तीन इंची नळी, पाऊण किलोच्या आसपास वजन आणि मधून मोडून उघडणारी रचना: खटका दाबला की नळी खाली झुकते आणि काडतुसं वर उचलली जातात. मजबूत आहे, दुरुस्त करणारा माणूस भेटतो, पण चाप जड. ‘निर्भीक’ याच जातीचं, २०१४ साली आलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे अर्धा किलोच्या आसपास. स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. माझं मत वेगळं आहे. अंगावर वागवायला हलकं बरं, पण जड चाप हलक्या शस्त्राला जास्त हलवतो. रिव्हॉल्वर घरातच राहणार असेल तर वजनाला भिऊ नका, ते तुमच्या बाजूने काम करतं.

‘प्रबल’ २०२३ मध्ये आलं. ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीचं. ७६ मिमी नळी, काडतुसांशिवाय सुमारे ७०० ग्रॅम, आणि मुख्य फरक म्हणजे सिलिंडर डावीकडे बाहेर येतो, आख्खं रिव्हॉल्वर मधून मोडत नाही. पन्नास मीटर पल्ला म्हणून त्याचं कौतुक होतं. स्वसंरक्षणाचा प्रसंग खोलीच्या लांबीत घडतो, त्यामुळे त्या आकड्यावर खरेदी करू नका. बाजूने उघडणारा सिलिंडर आणि चापाची ओढ, या दोन गोष्टींवर करा.

उरलं परदेशी. सामान्य नागरिकासाठी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे बाजारातलं स्मिथ अँड वेसन, कोल्ट किंवा जुनं वेब्ली म्हणजे कोणाच्या तरी आजोबांचं. त्याची किंमत लाखांत जाते, आणि ती शस्त्राच्या अवस्थेपेक्षा त्याच्या दुर्मीळपणाची असते. चाप लोण्यासारखा असतो हे खरं. पण एखादी स्प्रिंग तुटली तर ती मिळवायला वर्ष जातं. पहिलं रिव्हॉल्वर म्हणून मी ते कोणालाही सुचवत नाही.

टप्पा ६: जुनं घेत असाल तर

हा टप्पा मी स्वतः गाळला होता. एका विक्रेत्याकडून परदेशी बत्तीस बोअर घेतलं, बाहेरून आरशासारखं. रेंजवर तिसऱ्याच बारीला गालाला सुई टोचल्यासारखं झालं. हात लावला तर बोटाला रक्ताचा ठिपका आणि त्यात शिशाचा चमकता कण. सिलिंडर पूर्ण जागेवर येण्याआधीच घोडा पडत होता, गोळी नळीच्या कडेला घासून आत जात होती आणि तासलेलं शिसं बाजूला उडत होतं. थोडं वर लागलं असतं तर डोळा गेला असता. त्या दिवसापासून पुढच्या पाच गोष्टी केल्याशिवाय मी जुन्या शस्त्रावर मत देत नाही. सगळ्या रिकाम्या शस्त्रावरच करायच्या.

१. सिलिंडरवर एका घराशी खडूची खूण करा. डाव्या अंगठ्याने सिलिंडरला हलकासा विरोध करत घोडा अगदी सावकाश मागे ओढा. सिलिंडर लॉक झाल्याचा ‘टक’ आवाज घोडा चढण्याच्या आधी किंवा फार तर त्याच क्षणी यावा. घोडा चढला आणि सिलिंडर अजून हलतोय, तर व्यवहार तिथेच संपवा. सहाही घरांना हे करा. पाच ठीक आणि एक बिघडलेलं, असंही असतं.

२. चाप मागे दाबून धरून सिलिंडर डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवून बघा. किंचित हालचाल चालते. खडखड चालत नाही.

३. उघडून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि नळीतून बघा. आतल्या आट्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, स्पष्ट दिसाव्यात. एखाद्या जागी काळसर गोल कडं दिसलं तर तिथे कधीतरी गोळी अडकली होती आणि तिच्यावर दुसरी झाडली गेली होती. अशी नळी फुगलेली असते.

४. मधून मोडणाऱ्या रचनेत बिजागरी आणि खटका बघा. बंद स्थितीत नळी आणि मूठ एकमेकांविरुद्ध हलता कामा नयेत.

५. शस्त्रावरचा क्रमांक स्वतः वाचा आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी एकेक अंक जुळवा. क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा अस्पष्ट असेल तर हात न लावता निघा. त्यात कसलीही तडजोड नाही.

खासगी परवानाधारक थेट विकत असेल तर त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवणं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबणं बंधनकारक आहे. ‘आपण घरचेच आहोत, आज घेऊन जा, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, मग तो सख्खा मामा का असेना.

टप्पा ७: बिल आणि नोंद

करासहित किंमत लेखी घ्या. बिलावर, परवान्यावर आणि लोखंडावर शस्त्राचा क्रमांक एकच आहे हे दुकानातच बघा. विक्रेता परवान्यावर नोंद करून देतो. मग परवान्यात सांगितलेल्या मुदतीत शस्त्र परवाना शाखेत किंवा पोलीस ठाण्यात दाखवून नोंद पक्की करा. परवान्यावरची खरेदीची मुदत संपत आली असेल तर आधी वाढवून घ्या, मग खरेदी करा.

*थांबा:* दुकानातून घरी येताना शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या पिशवीत, परवाना खिशात. वाटेत मित्राला दाखवायला थांबायचं नाही.

टप्पा ८: काडतुसं

बत्तीस बोअरमध्ये रिव्हॉल्वरचं आणि पिस्तुलाचं काडतूस वेगळं असतं. दुकानात नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात चुकीचा डबा पडू शकतो. रिव्हॉल्वरच्या काडतुसाचं कवच २३ मिमी लांब आणि बुडाला ठळक कड. पिस्तुलाचं १७ मिमी, आखूड, कड जेमतेम. आखूड काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात सहज जाऊन बसतं, आणि धोका तिथेच आहे, कारण ते त्या घरासाठी बनलेलंच नाही. डब्यावरचं पूर्ण नाव वाचा आणि पहिलं काडतूस जुन्या रिकाम्या कवचाशेजारी उभं करून बघा.

आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची बत्तीसची काडतुसं दुकानांत दिसतात. बुडावर ‘केएफ’ अशी खूण असते. उत्पादनाचं वर्ष बघून घ्या. पंधरा वर्षं ट्रंकेत पडलेली, हिरवट डाग धरलेली काडतुसं वापरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. ती विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा होतात. प्रत्येक खरेदीची नोंद होते, आणि झाडलेल्या काडतुसांचा हिशेबही विचारला जाऊ शकतो. रिकामी कवचं आणि रेंजच्या पावत्या जपून ठेवा.

टप्पा ९: हाताळणी आणि बाहेर नेणं

चार सवयी अशा लागल्या पाहिजेत की झोपेतसुद्धा चुकणार नाहीत: शस्त्र भरलेलंच आहे असं धरून चालायचं; नळी कधीही माणसाकडे नाही; ठरवेपर्यंत बोट चापाबाहेर, फ्रेमवर सरळ; नेमाच्या मागे काय आहे ते माहीत हवं. शेवटची सवय आपल्या इमारतींत फार महत्त्वाची आहे. पातळ भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा पलंग असतो.

रिकामं करण्याचा क्रम: नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर, उघडा, काडतुसं तळहातावर घ्या आणि मोठ्याने सहा मोजा. पाच आली तर सहावं शोधल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. मधून मोडणारं रिव्हॉल्वर सावकाश पूर्ण उघडा. अर्धवट उघडलं तर एखादं कवच उचलणाऱ्या चांदणीखाली (काडतुसं वर ढकलणाऱ्या चांदणीसारख्या भागाखाली) सरकतं आणि सगळं अडकतं.

सिनेमात मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करतात. तसं केलं की त्याचा दांडा वाकतो आणि सहाव्या टप्प्यातला माझा प्रसंग तुमच्या वाट्याला येतो. दोन्ही हातांनी बंद करा. आधाराच्या हाताचा अंगठा सिलिंडरच्या पुढे कधीही नको. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून तापलेला वायू सुटतो आणि कातडी फाडतो.

रेंजवर चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी समोरच ठेवून तीस सेकंद थांबा, मग उघडा. आवाज नुसता ‘फुस्स’ आला तर दुसरी गोळी झाडायचीच नाही. नळीत गोळी अडकलेली असू शकते.

जुन्या नमुन्यात घोडा थेट काडतुसाच्या बुडावर टेकत असेल, तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. पडलं तर बार होऊ शकतो.

सरावाला परवानगी असलेली रेंजच हवी. मुंबईत वरळीला, पुण्यात बालेवाडीला नेमबाजीची सोय आहे. तुमचं शस्त्र, सदस्यत्व आणि वेळ यांचे नियम आधी विचारून जा. शेतात, डोंगरात ‘चालतंय का बघू’ म्हणून बार काढणं हा सराव नाही, तो गुन्हा आहे.

बाहेर नेताना चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर, वरून कपडा. कमरेला नुसतं खोचायचं नाही, गाडीच्या कप्प्यात सोडून जेवायला जायचं नाही, दारू प्यायच्या ठिकाणी न्यायचंच नाही. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे परवाना असूनही मनाई आहे. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत, पालखीत, मुलाच्या गॅदरिंगला शस्त्र घरी. लग्नात हवेत बार काढला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना जातो तो वेगळाच. ड्रायव्हरला, भावाला, बायकोला पाच मिनिटं सांभाळायला देणंसुद्धा चालत नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो.

टप्पा १०: सफाई, विशेषतः पावसाळ्यात

झाडल्यावर त्याच दिवशी सफाई. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मग शस्त्र काढा. नळीतून आधी सॉल्व्हंट लावलेला पितळी ब्रश, मग कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत, शेवटी तेलाची एकच पुसट चिंधी. मधून मोडणारं असेल तर सफाईचा गज मागून घाला, म्हणजे नळीचं तोंड घासत नाही. प्रत्येक घर वेगळं साफ करा, आणि उचलणाऱ्या चांदणीखालची जागा विसरू नका. तेल कमी. ओघळलेलं तेल काडतुसाच्या बुडातून आत शिरलं तर तेच काडतूस ऐन वेळी दगा देतं.

आता कोकणातला, किंवा कुठलाही ओला जुलै. चामडी होल्स्टर ओल धरून ठेवतं. जूनच्या अखेरीस त्यात ठेवलेलं रिव्हॉल्वर मी श्रावणात काढलं, तेव्हा सिलिंडरच्या खाचांत हळदीच्या बोटासारखे नारिंगी ठसे उमटले होते, अगदी चामडं टेकत होतं तिथेच. होल्स्टर फक्त वागवण्यासाठी. साठवताना तेलाच्या फडक्याने पुसून, सुती कापडात सैल गुंडाळून, तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर महिन्याला बदला. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेर काढा, पुसा, ठेवा. घामेजल्या हाताचा ठसा राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो.

टप्पा ११: कागद जिवंत ठेवा

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी. कॅलेंडरवर चार महिने आधीची तारीख लिहा, कारण कागदपत्रं जमवायलाच वेळ लागतो. मुदत संपल्यावर तेच शस्त्र विनापरवाना ठरतं, मग ते तिजोरीतून हललेलंही नसो. घर बदललं तर दोन्हीकडच्या कार्यालयांना लेखी कळवून पोच घ्या. विमानाने जाताना शस्त्र केबिनमध्ये नाही. काउंटरवर आधी सांगून, रिकामं, काडतुसं वेगळी.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना आधी साफ करून तेलाचा हात फिरवा, चामडी होल्स्टर घरी ठेवा, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या स्वतः वाचून घ्या. परत घेताना तिथेच उघडून बघा. शस्त्र किंवा परवाना हरवला तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी.

सगळ्यात जास्त कुटुंबं अडकतात ती परवानाधारक गेल्यावर. वडिलांचं रिव्हॉल्वर ट्रंकेत, परवाना कुठल्यातरी फायलीत, आणि तीन वर्षांनी घर आवरताना ते सापडतं. तोवर ते बेकायदा ताब्यात असतं, आणि ताबा ठेवणारी असते त्यांची मुलं. शस्त्र ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची, आणि वारसाला हवं असेल तर मग त्याने परवान्याचा अर्ज करायचा. शस्त्र २५ वर्षं बाळगलेला किंवा सत्तरी गाठलेला परवानाधारक हयातीतच वारसाच्या नावे प्रक्रिया सुरू करू शकतो. घरात कोणी पात्र असेल तर तेच करा.

आणि तिजोरीच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. त्यावर परवाना क्रमांक, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या, पोलीस ठाण्याचं नाव आणि एक ओळ: ‘मी नसेन तेव्हा यातलं काही उचलू नका, ठाण्यात फोन करून माणूस बोलवा.’ काडतुसं कमी-जास्त झाली की त्या कागदावरचा आकडा पेन्सिलने बदला.